शेल स्क्रिप्टमध्ये "$@" अवतरणातच लिहा

स्क्रिप्टला ‘परळी वैजनाथ’ आणि ‘औंढा नागनाथ’ अशा दोन फायली दिल्या, की आतल्या फंक्शनला "$@" (म्हणजे स्क्रिप्टला मिळालेली सगळी नावं) पाठवा. तिथं $# (मिळालेल्या नावांची संख्या) बरोबर 2 दाखवेल. दुहेरी अवतरणचिन्हं काढली, की शेल स्पेस दिसेल तिथं नाव तोडतो. मग 4 शब्द होतात आणि ‘वैजनाथ’ फाईल सापडत नाही म्हणून एरर येते. एरर आली तर बरंच म्हणायचं. नावात * (शेलच्या लेखी ‘कोणतीही अक्षरं’) असेल, तर तिथं जुळणाऱ्या भलत्याच फायलींची नावं गुपचूप येऊन बसतात; डिलीट करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे फार महागात पडतं.

"$*" सगळं जोडून एकच शब्द करतं, लॉगपुरतं ठीक. एकेरी अवतरणात '$@' उलगडतच नाही.

स्क्रिप्ट चालवतानाच नावं अवतरणात नसतील, तर आत "$@" लिहूनही उपयोग नाही. ती फुटूनच आत येतात.