इस्रोत जायचंय? आधी कामाचं स्वरूप समजून घ्या

इंजिनिअर म्हणून इस्रोत शिरायचं तर बहुतेकांची वाट ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदावरूनच जाते (एससी ही इथे पदाची श्रेणी, जातीचा प्रवर्ग नव्हे). बी.ई. किंवा बी.टेक.ला 65 टक्के किंवा 6.84 सीजीपीए ही नेहमीची अट. वेतनश्रेणी लेव्हल 10, म्हणजे सुरुवातीचा मूळ पगार 56,100. आयसीआरबी हे मध्यवर्ती मंडळ भरती करतं, पण अहमदाबादचं सॅक (स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर), तिरुवनंतपुरमचं व्हीएसएससी (विक्रम साराभाई स्पेस सेंटर) अशी केंद्रं स्वतंत्र जाहिरातीही काढतात. एकाच संकेतस्थळावर विसंबून राहू नका. आयटीआय, डिप्लोमावाल्यांनीही त्यातल्या टेक्निशियन आणि टेक्निकल असिस्टंटच्या जागा बघाव्यात.

मुलाखतीत पाठांतराचा निभाव लागत नाही. सूत्र सांगितलंत की त्यामागची गृहीतकं विचारतात, मग एकेक गृहीतक काढून घेतात. आता काय होईल, बोला! ‘माहीत नाही’ म्हटलेलं चालतं, थापा चालत नाहीत.

रुजू झाल्यावर मात्र काउंटडाउनची स्वप्नं जरा बाजूला ठेवा. साधा बोल्ट आवळला तरी किती टॉर्क (पिळाचा जोर) दिला, टॉर्क रेंचचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं, हे लॉगशीटवर चढतं आणि क्वालिटीवाल्याची सही होते. आकडा मर्यादेबाहेर गेला की एनसी, म्हणजे नॉन-कन्फॉर्मन्स. मग तो भाग आहे तसा घ्यायचा, दुरुस्त करायचा की बाद करायचा, यावर समिती बसते. नव्या पोरांना हा छळ वाटतो. पण ऑगस्ट 2021 मध्ये जीएसएलव्ही-एफ10 या रॉकेटचं क्रायोजेनिक (अतिथंड इंधनावरचं) इंजिन पेटलंच नाही. चौकशीत निघालं काय, तर एक व्हॉल्व्ह गळत होता आणि त्यामुळे हायड्रोजनच्या टाकीतला दाब उतरला होता. हे वाचल्यावर लॉगशीटला कुणी नाक मुरडू नये.

उड्डाणाआधीच्या रिव्ह्यूंची, म्हणजे तपासणी बैठकांची, उतरंड लांबलचक आहे. शेवटी मिशन रेडिनेस रिव्ह्यू आणि लाँच ऑथोरायझेशन बोर्डाचा होकार. प्रशासनाची साखळी त्यामानाने आखूड: अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत, आणि इस्रोचे अध्यक्ष, विभागाचे सचिव व अंतराळ आयोगाचे अध्यक्ष ही एकच व्यक्ती. तुमच्या टेबलापर्यंत पोचते ती खरेदीची फाईल आणि ऑडिटची शेरेबाजी. तिचाही हिशेब वेळापत्रकात धरा.

बढती इथे जागा रिकामी होण्यावर अडत नाही, पण तिच्यासाठीही मुलाखत असते. म्हणून केलेल्या कामाची टिपणं पहिल्या दिवसापासून ठेवा. चार वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर निम्मं निसटलेलं असतं.