सीडीचा सिग्नल दिसला म्हणून लगेच कंदी पेढे वाटू नका

मी कराडजवळच्या खेड्यातला, बीएस्सी साताऱ्यात आणि पुढं पीएचडीला बाहेर. गावाकडची दोन-तीन पोरं सारखी विचारतात की दादा तुझा टॉपिक नक्की काय आणि आम्ही यात पडावं का, म्हणून एकदाच टाइप करून टाकतोय.

आमचा मामा साखर कारखान्याच्या लॅबला आहे. तिथं रोज उसाच्या रसाचा पोल, म्हणजे रसात साखर किती ते काढतात. रस साफ करून गाळायचा, नळीत भरायचा आणि पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश किती फिरला ते वाचायचं. साखरेचा रेणू कायरल, डाव्या-उजव्या हातासारखा, म्हणून प्रकाश फिरतो. माझं काम याच्या उलटं. प्रकाशच गोल फिरणारा द्यायचा, म्हणजे सर्क्युलरली पोलराइज्ड, आणि मुळात कायरल नसलेल्या रेणूंना पीळ घालायचा.

रेणू म्हणजे अझोबेंझिन. हा काडीसारखा सरळ असतो. 365 नॅनोमीटरचा यूव्ही पडला की ही काडी वाकते, निळ्या प्रकाशात किंवा उष्णतेनं परत सरळ होते. ही काडी पॉलिमरला लटकवून फिल्म केली आणि साधा, एका दिशेचा पोलराइज्ड प्रकाश टाकला तर काड्या वाकत-सरळ होत शेवटी त्या दिशेशी काटकोनात बसतात. असा परिणाम वायगर्ट नावाच्या शास्त्रज्ञानं 1919 लाच दाखवला होता. गोल प्रकाश दिला की काही लिक्विड क्रिस्टल पॉलिमरांत त्यांची मांडणीच जिन्यासारखी वळते. रेणू तोच, वळण फक्त मांडणीला. उजव्याऐवजी डावा प्रकाश दिला की जिना उलटा.

आता माझा घोळ. पहिल्या वर्षी सर्क्युलर डायक्रोइझमच्या, म्हणजे सीडीच्या मशीनवर (डावा आणि उजवा गोल प्रकाश किती वेगवेगळा शोषला जातो ते हे मोजतं) एवढा मोठा सिग्नल आला की मी पेढ्याचा बॉक्सच घेऊन गाइडकडं गेलो. मॅडमनी पेढा खाल्ला, शांतपणे होल्डरमधली फिल्म आहे त्याच पातळीत 90 अंश फिरवली आणि परत स्कॅन लावला. सिग्नल सरळ उलटा! खरी कायरॅलिटी असती तर फिल्म कशीही फिरवली तरी चिन्ह बदललं नसतं. काड्या नुसत्या एका दिशेला झोपल्या होत्या आणि मशीन त्यालाच सीडी समजत होतं. कारण काय, तर माझी क्वार्टर वेव्ह प्लेट, म्हणजे साध्या पोलराइज्ड प्रकाशाला गोल करणारी चकती, 45 अंशांवर नीट बसलेलीच नव्हती, त्यामुळं प्रकाश गोल नाही, लांबुळका होता. तीन महिन्यांचा डेटा पाण्यात.

तेव्हापासून लेझर फिल्मवर टाकायच्या आधी मी वाटेत एक पोलरायझर (एकाच दिशेचा प्रकाश सोडणारी काच) धरून हळूहळू फिरवतो, पॉवर मीटरचा आकडा हलला नाही तर प्रकाश खरा गोल. आणि प्लेट तुमच्या लेझरच्या वेव्हलेंग्थचीच हवी, लॅबमध्ये सापडली ती लावू नका. दोन फिल्म करा, एक डाव्याची एक उजव्याची, दोन्ही ग्राफ आरशातल्यासारखे आले तरच पुढं बोला.

यात यायचं असेल तर ऑर्गॅनिकच्या जोडीला ऑप्टिक्स पक्कं लागतं, जे आपण बीएस्सीला ऑप्शनला टाकतो. सुट्टीत एखाद्या कारखान्याच्या लॅबमध्ये आठवडाभर पोलॅरिमीटर हाताळायला मिळाला तर बघा. मामाला हे सगळं सांगितल्यावर त्यानं एकच विचारलं, रोज सकाळी झिरो चेक करत न्हवता व्हय रं?