पॉलिशरने लिक्विड वॅक्स लावताना
खानापूरकडची तांबडी माती गाडीवर राहिली आणि तशीच मशीन फिरवली, तर रंगावर गोल ओरखडे उठतात. म्हणून आधी शांपूने धुवा, पूर्ण कोरडी करा, सावलीत बॉनेट गार होऊ द्या. ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशरला (याचं पॅड गोल फिरता फिरता डोलतंही) सगळ्यात मऊ फोम पॅड लावा. पॅडवर वाटाण्याएवढे 3-4 थेंब पुरतात. जास्त वॅक्सने चमक वाढत नाही, पुसताना हात मात्र दुखतात. पॅड पत्र्यावर टेकवूनच मशीन सुरू करा, नाहीतर वॅक्स उडतं. वेग सगळ्यात कमी, दाब फक्त मशीनच्या वजनाचा. काळ्या प्लॅस्टिकवर आधी मास्किंग टेप चिकटवा, तिथले पांढरे डाग सहज जात नाहीत. वॅक्स सुकल्यावर बोट फिरवून बघा, स्वच्छ निघालं की मायक्रोफायबर कापडाने पुसा. बेळगावात पावसाळ्याआधी, मे महिन्यातच हे उरकून घ्या.