मिशिगन जिंकावं असं वाटायला लागलं, तर

पहिली अट ही की आपली टीम आधीच बाद झालेली असावी. माझी टीम ओहायो स्टेट, आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मिशिगन तिची हाडवैरी. ओहायो स्टेट शर्यतीत असताना मिशिगनचं भलं चिंतणं ही सरळसरळ फितुरी, तिला माझ्याकडे मार्गदर्शन मिळणार नाही.

मी एम.एस. केलं कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटला, धाकट्या भावानं ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगनला. आता पुण्यात मी सहकारनगरला राहते, तो बाणेरला. पण नोव्हेंबर संपता संपता या दोघांची मॅच असते त्या शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसलेले असतो. कोलंबसला त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांतल्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्ट्या चिकटवतात. इतकं वैर आहे. २०२३ साली आम्ही ३०-२४ हरलो, तेही त्यांचा हेड कोच जिम हार्बॉ सस्पेंड होऊन घरी बसलेला असताना. पाचेक आठवड्यांनी राष्ट्रीय विजेतेपदाच्या सेमीफायनलला मिशिगनची गाठ अलाबामाशी पडली आणि आमच्यासारख्यांपुढे प्रश्न उभा राहिला, की आता ओरडायचं कुणासाठी?

तर आधी हार्बॉवर आरोप काय आहे तो नीट समजून घ्यावा. अर्धवट माहितीवर ना धड शिव्या देता येतात, ना पाठिंबा. कॉलेज फुटबॉलमध्ये कोच सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जातो, आईवडिलांसमोर बसतो आणि त्याला आपल्या कॉलेजात यायला पटवतो. म्हणून एनसीएए ही नियामक संस्था या भेटीगाठींचं वेळापत्रक आखून देते, आणि त्यात काही काळ समोरासमोर भेटायला पूर्ण बंदी असते. कोविडमुळे ही बंदी मार्च २०२० पासून थेट मे २०२१ अखेरपर्यंत लांबली. त्याच काळात हार्बॉ ॲन आर्बरमधल्या एका हॉटेलात होतकरू खेळाडूला भेटला आणि बर्गर खाऊ घातला, असं प्रकरण निघालं. भाऊ अजून म्हणतो, ‘‘ताई, एका बर्गरसाठी फाशी?’’ त्याला इथेच अडवायचं. बर्गर किरकोळ होता. मोठा ठपका चौकशीत दिशाभूल केल्याचा आहे. या प्रकरणापायी २०२३च्या पहिल्या तीन मॅचना युनिव्हर्सिटीनं स्वतःच त्याला बाहेर बसवलं. नियमित हंगामाच्या शेवटच्या तीन मॅचची बंदी वेगळ्या भानगडीतली: प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचना माणसं पाठवून, पुढची चाल कळवायला त्यांचे कोच खेळाडूंना ज्या खुणा करतात त्या टिपून आणल्याची. ही दोन प्रकरणं एकात एक कालवू नयेत. मिशिगनवाले तुम्हाला नेमके तिथेच पकडतात.

मग स्वतःच्या घरातलं कपाट उघडावं. २०१० साली उघड झालं, की आमच्या खेळाडूंनी जर्सी, अंगठ्या असलं सामान देऊन टॅटू काढून घेतले, पैसेही घेतले. कोच जिम ट्रेसेल यांना ते ईमेलवरून आधीच कळलं होतं. त्यांनी गप्प राहून सप्टेंबरात ‘मला कसलाही नियमभंग ठाऊक नाही’ अशा अर्थाच्या कागदावर सही ठोकली. मे २०११मध्ये राजीनामा द्यावा लागला, २०१०चे विजय पुसले गेले. आणि २०१२ साली आमची टीम बाराच्या बारा मॅच जिंकली, तरी बंदीमुळे पुढे खेळता आलं नाही. त्यातल्या कित्येक पोरांचा टॅटूशी काडीचा संबंध नव्हता. म्हणून मी हिशेब दोन ठेवते. कोचनं लपवलं त्याचा जाब कोचला, पोरं खेळली त्याची दाद पोरांना. ‘सगळेच करतात हो’ म्हणून दोन्ही हिशेब एकदम मिटवून टाकणारी माणसं मला आवडत नाहीत. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही नाहीत.

पाठिंबा अख्ख्या टीमला देववत नसेल, तर एक खेळाडू पकडावा. मी ब्लेक कोरम धरला. नोव्हेंबर २०२२मध्ये त्याचा गुडघा दुखावला. तो एनएफएल या व्यावसायिक लीगला जाऊ शकला असता, पण आणखी एक वर्ष कॉलेजातच थांबला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला हा पोरगा लोकांना टर्की वाटत फिरायचा. अलाबामाची मॅच आपल्याकडे २ जानेवारीला पहाटे साडेतीनला सुरू झाली. सातच्या सुमारास २०-२० अशी बरोबरी, वर जादा वेळ. बाबा तळजाईवरून फिरून आले आणि मफलर सोडता सोडता म्हणाले, ‘‘तुमची रग्बी अजून चालूच?’’ तेवढ्यात कोरम गर्दीतून निसटला आणि सतरा यार्ड पळून बॉलसकट शेवटच्या रेषेपार, थेट टचडाऊन. मग अलाबामाला शेवटच्या संधीत तीन यार्ड हवे होते. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, स्वतःच मधून घुसला, आणि मिशिगनच्या भिंतीनं त्याला तिथेच गाडला. २७-२०. मी उठून उभी होते, हे भावानं पाहिलं.

ओरडण्याचीही रीत असते. पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीत आपलं कॉलेज उडालं तरी आपण अंतिम फेरीला भरत नाट्य मंदिरात जातोच की, पण ‘आव्वाज कुणाचा’ला दुसऱ्याचं नाव घेताना घसा चिकटतो. त्यावर तोडगा म्हणजे खेळाडूच्या नावानं ओरडावं, कॉलेजच्या नाही. निळी-पिवळी टोपी कुणी प्रेमानं पुढे केली तरी घालू नये, फोटो पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांचं गाणं लागलं की चहा टाकायला उठावं.

फायनल ९ जानेवारीला होती, मंगळवारी सकाळी सहाला. अशा दिवशी नऊची मीटिंग ठेवू नये. मिशिगननं वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं. महिना संपायच्या आत हार्बॉ चार्जर्सकडे एनएफएलमध्ये निघून गेला, आणि ऑगस्टमध्ये एनसीएएनं त्या बर्गरवाल्या रिक्रूटिंग प्रकरणात त्याच्यावर चार वर्षांचे निर्बंध लादले. मला दोन्ही बातम्यांचं समाधान वाटलं.

परतफेडीची अपेक्षा मात्र ठेवू नये. पुढच्या वर्षी, २१ जानेवारी २०२५च्या सकाळी ओहायो स्टेट फायनलला नोत्र दामशी खेळली, तर आमचे बंधुराज नोत्र दामचे जन्मजात भक्त निघाले. कारण काय, तर ‘‘ताई, दोन कोटी डॉलरची टीम आहे तुमची, तुमच्याच क्रीडा संचालकांनी सांगितलंय.’’ सांगितलंय खरं. पण खेळाडूंना नावावर पैसे कमवायची मुभा जुलै २०२१पासून आहे आणि ती मिशिगनलाही आहे, हे मी त्याला सामना चालू असताना लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. मॅच संपल्यावर मी फक्त ‘३४-२३’ एवढंच पाठवलं.