आयातीच्या तक्त्यात न दिसणारे परावलंबन

आर्थिक धोरण आणि राष्ट्रीय सुरक्षा हा विषय पदव्युत्तर अभ्यासासाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी घेतलेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांना १९६५-६६ मधील अमेरिकी गव्हाचे राजकारण आणि १९९१ मध्ये परदेशी गहाण ठेवलेले सुमारे ४७ टन सोने ही उदाहरणे पाठ असतात. तेवढ्यावर उत्तर लिहिता येते, समज मात्र येत नाही.

ज्या सापळ्यात मी स्वतः दीर्घकाळ अडकलो होतो, तो टक्केवारीचा आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीवरून आयातीचा तक्ता करायचा आणि ज्याचा वाटा मोठा, तिथला धोका मोठा असे लिहायचे, ही पद्धत सोपी दिसते आणि साफ चुकीकडे नेते. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. तरीही २०२२ पूर्वी आपल्या तेल आयातीत दोन-एक टक्के असलेला रशियाचा वाटा पुढच्या दोन वर्षांत एक तृतीयांशावर गेला, म्हणजे विक्रेते अनेक असल्यामुळे पुरवठा वळवता आला. याउलट ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये (रेअर अर्थ) आणि त्यांपासूनचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा हे चुंबक लागणाऱ्या आपल्या वाहन उद्योगाची काही आठवड्यांतच धावपळ झाली. एकूण आयातीत या चुंबकांची किंमत नगण्य असल्याने तक्त्यात ती ओळ डोळ्यांत भरतच नाही. बरे, केरळ आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनाझाइट हे या मूलद्रव्यांचे खनिज आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असेही कोणी सांगेल. पण खनिज असणे वेगळे, ते शुद्ध करून चुंबक बनवण्याची क्षमता असणे वेगळे, आणि शुद्धीकरणाचा जगातील बहुतांश भाग चीनकडे आहे. तेव्हा दुसरा विक्रेता कोण आणि तो उभा राहायला किती काळ लागेल, हे आधी विचारावे.

निर्यातीची बाजू तर त्या तक्त्यात येतच नाही. २७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेने भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावून एकूण बोजा ५० टक्क्यांवर नेला. कारण दिले रशियन तेलाच्या खरेदीचे आणि आधार घेतला अमेरिकेच्याच १९७७ च्या आर्थिक आणीबाणीविषयक कायद्याचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टेरी टॉवेलचा तेलाशी काडीचा संबंध नसताना तो या भांडणात ओढला गेला. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या २१ व्या कलमात सुरक्षेचा अपवाद आहेच. तो वापरणाऱ्या देशाचाच शब्द अंतिम नसून त्याची तपासणी होऊ शकते, असे जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने २०१९ मध्ये रशिया-युक्रेन प्रकरणात सांगितले. हा निर्णय मुळातून वाचावा. तयार नोट्समधील चार ओळी वाचून मुलाखतीला जाऊ नये, पहिल्याच उपप्रश्नाला तोंडघशी पडाल.

गणित कच्चे असल्याची भीती मात्र बाळगू नका. बेरीज-भागाकाराच्या पुढे सहसा जावे लागत नाही. मार्गदर्शकाबाबत माझे मत थोडे हेकट आहे: महागड्या क्लासपेक्षा टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारा माणूस गाठावा, कारण एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक), पतपत्र (बँकेची पैसे देण्याची हमी) आणि अडकलेला कंटेनर हे त्याच्या रोजच्या व्यवहारातले असते. त्याच्याकडून ६३०२ या शीर्षकाखालील टॉवेलची नोंद वाचायला शिकावे आणि मग त्याच पद्धतीने ८५०५ खालच्या चुंबकांची देशनिहाय आयात स्वतः काढून पाहावी.