खाडी ओलांडण्याआधी टायरवरून हात फिरवा

डिसेंबर लागला की दाभोळची खाडी ओलांडून गुहागरात सायकली उतरायला लागतात. कुणी अलिबागपासून किनारा धरून आलेलं असतं, कुणी पुण्याहून ताम्हिणी उतरून. रेवस ते रेडी हा सगळा सागरी मार्ग जमला नाही तरी गुहागर ते विजयदुर्ग एवढा तुकडा पुरा करायचा, असं मनात असतं. आणि त्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातल्या पंक्चरच्या दुकानापुढे चाक हातात घेऊन उभे दिसतात.

ते दुकान चालवणारे काका टायरमधून निघालेली प्रत्येक वस्तू एका काचेच्या बरणीत टाकतात. एकदा त्यांनी ती माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ओतली. करवंदीचे आणि गेळाचे काटे, केसाएवढ्या बारीक तारा, चुका, बाटल्यांच्या काचांचे कण, कालवांच्या शिंप्यांचे तुकडे, एक तुटका गळ. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती एक गोष्ट: कितीतरी काट्यांचं एक टोक टोकदार होतं आणि दुसरं रस्त्यावर घासून सपाट झालेलं. म्हणजे तो काटा टायरमध्ये बसून बरंच अंतर फिरला होता. 700 सी मापाचं चाक एका किलोमीटरला साधारण पावणेपाचशे फेरे घेतं आणि दर फेऱ्याला रुतलेला काटा रस्त्यावर दाबला जातो, आत सरकतो. मंगळवारी घराजवळ बसलेला काटा गुरुवारी हेदवीच्या चढावर ट्यूबपर्यंत पोचतो. म्हणून पंक्चर टाळायची तयारी निघायच्या सकाळी नको, पंधरा दिवस आधी सुरू करा.

पहिलं काम टायरचं. दोन्ही टायर रिमवरून उतरवा, उन्हात बसा आणि टायर बोटांनी फाकवून इंच इंच बघा. काळ्या रबरात चमकणारा ठिपका दिसला तर ती काच किंवा तार. सुईने किंवा बारीक चिमट्याने उकरून काढा. आतल्या बाजूने सुती फडकं फिरवा, नुसता हात नको. फडकं अडकलं की तिथे काहीतरी आहे हे कळतं आणि बोटही वाचतं. मधला पट्टा चपटा झाला असेल, रबराखालचे धागे दिसत असतील किंवा कडेच्या भिंतीला भेगा असतील, तर तो टायर या रस्त्यावर आणू नका. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, शिवाय पुढच्या चाकाने उडवलेली वस्तू मागच्याखाली उभी सापडते, त्यामुळे मागचा टायर आधी झिजतो. नवा एकच घ्यायचा असेल तर तो पुढे लावा आणि पुढचा, अजून बरा असलेला, मागे. उतारावर पुढचं चाक अचानक बसलं तर सायकल आवरत नाही.

नवे टायर घेणार असाल तर आत संरक्षक थर असलेले घ्या. काहींत केवलारचा पट्टा असतो. 1965 साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांना हा धागा सापडला, आणि कंपनी तेव्हा मोटारींच्या टायरसाठीच हलका, बळकट धागा शोधत होती. बुलेटप्रूफ जाकिटं नंतरची. काहींत धाग्याऐवजी लवचिक रबराचा जाड थर असतो. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लसमध्ये तो सुमारे 5 मिलिमीटरचा आहे. असा टायर जड असतो आणि चढावर ते जाणवतं. तरीही सामान लादून चार-पाच दिवस फिरायचं असेल तर मी जडच घेईन. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर वापरणाऱ्यांनी आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, तपासावं. ते काही महिन्यांत सुकतं आणि उन्हाळ्यात लवकर सुकतं. चाक कानाशी धरून हलवा. आत पाणी हलल्यासारखा आवाज आला नाही तर नवं भरा.

टायर उतरवलेलाच आहे तर रिमकडे बघा, कारण ट्यूबला आतूनही भोक पडतं. तारांची, म्हणजे स्पोकची, टोकं झाकणारी पट्टी सरकलेली, फाटलेली किंवा वाळून कडक झालेली असेल तर बदला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर करावं असं मी आग्रहाने सांगेन. खारी हवा लोखंडी रिमला आतून गंजवते आणि तो गंज ट्यूबला घासत राहतो. असं पंक्चर कितीही वेळा काढलं तरी परत येतं, आणि माणूस बिचारा रस्त्याला दोष देतो. रिम पॉलिश पेपरने घासा, पुसा, नवी पट्टी लावा. ब्रेकचे रबर टायरच्या भिंतीला लागत नाहीत ना तेही पाहा. लागत असतील तर एका लांब उतारावर भिंत कापली जाते, आणि मग पॅचचा काही उपयोग नसतो.

बसवताना टायरवरचं नाव वॉल्वच्या समोर येईल असं बसवा. पुढे पंक्चर झालं तर ट्यूबमधलं भोक टायरच्या कुठल्या जागी येतं हे लगेच सापडतं. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा म्हणजे ती पिळली जाणार नाही, आणि शेवटचा भाग अंगठ्यांनी चढवा. स्क्रू-ड्रायव्हर अजिबात नको. मग दोन्ही बाजूंनी टायर ढकलून, कुठे ट्यूब कडेखाली चिमटलेली नाही ना ते सगळं चाकभर बघा. या दोन मिनिटांच्या कंटाळ्यापायी नव्या ट्यूब फुटलेल्या मी पाहिल्यात.

आता हवा. काट्यांपासून पूर्ण सुटका नाही, पण कमी हवेमुळे होणारं पंक्चर शंभर टक्के टाळता येतं. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेला टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूब दोघांत चेंगरून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. टायरच्या भिंतीवर किती ते किती हवा चालेल हे उठावात छापलेलं असतं, ते आधी वाचा. साधारण अंदाज असा: 25 मिलिमीटरच्या रोड टायरला 80 ते 100 पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप), 32 च्या हायब्रिडला 55 ते 75, दोन इंची जाड टायरला 35 ते 50. अंगावरचं आणि कॅरिअरवरचं वजन जास्त असेल तर वरच्या आकड्याकडे जा, पण छापलेल्या कमाल आकड्याला टेकू नका. पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा दुपारच्या डांबरावर वाढते. अंगठ्याने दाबून हवा कळते हा भ्रम सोडा. 50 आणि 80 मधला फरक अंगठ्याला कळत नाही. गेजवाला, म्हणजे दाबाचा आकडा दाखवणारा, पंप एकदाच घ्यावा लागतो. निघायच्या आधीचे पंधरा दिवस दर तीन-चार दिवसांनी गेज लावा आणि आकडा लिहून ठेवा. दोन्ही चाकांची हवा सारखी उतरत असेल तर ठीक. एकाची भराभर उतरत असेल तर त्यात काहीतरी बसलंय.

पिशवीत काय असावं? दोन ट्यूब, आणि त्या घरी फुगवून रात्रभर ठेवून तपासलेल्या. मग त्या टाल्कम पावडर लावून जुन्या मोज्यात घाला. पान्यांबरोबर मोकळी टाकलेली ट्यूब हादऱ्यांनी पिशवीतच घासते आणि गरजेला काढली तर भोक आधीच तयार असतं. माप डोळ्यांनी वाचून घ्या, टायरवर ते रिमच्या मिलिमीटरमधल्या व्यासातही छापलेलं असतं: 26 इंची एमटीबी (डोंगरी सायकल) म्हणजे 559, 27.5 म्हणजे 584, 29 आणि 700 सी दोन्ही 622, आणि आपली जुनी 28 इंची काळी सायकल 635. गावातल्या दुकानात 26 आणि 28 ची ट्यूब बहुधा मिळते, 622 ची मिळेल यावर विसंबू नका. बारीक प्रेस्टा वॉल्व असेल तर पितळेचा छोटा अ‍ॅडॉप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवा. गावातल्या पंपाचं तोंड त्या वॉल्वला बसत नाही आणि दारात पंप असून हवा भरता येत नाही. प्लॅस्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर, पॅच, पॉलिश पेपर, हातपंप. सोल्यूशनची नळी नवी घ्या, कारण एकदा उघडलेली नळी गरमीत काही महिन्यांतच सुकते, आणि ते कळतं नेमकं रस्त्यावर. पॅच लावताना सोल्यूशन पाच मिनिटं सुकू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबा. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा चौकोन कापून ठेवा. टायरच चिरला तर आतून तो लावून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. आणि हे सगळं घरी एकदा स्वतः करून पाहा, मागच्या चाकावर, चेन काढून-घालून. माझ्या भाचीने हे आठव्या इयत्तेत दोन दुपारींत शिकून घेतलं.

रस्त्याची तयारी म्हणजे कुठे काय पडलेलं असतं ते आधी जाणून घेणं. इथला मार्ग एकसारखाच चालतो: खाडी ओलांडायची, सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, चढायचा, सड्यावरून पुन्हा खाडीत उतरायचं. घाटावरचे मित्र सराट्याच्या धास्तीने येतात, पण तो मला इथे फारसा भेटलेला नाही. इथला काटा करवंदीचा, गेळाचा, बोरीचा, आणि तो रस्त्यावर येतो माणसाच्या हातून. पावसाळा संपल्यावर रस्त्याकडेची झुडपं छाटतात, कलमांच्या बागांच्या गडग्यावर काट्या रचतात. त्या ओढून नेताना फांद्या झडतात. ताजा कापलेला हिरवा पाला रस्त्यावर दिसला की रस्त्याच्या मध्यभागातून चाला, आणि पार झाल्यावर उतरून दोन्ही चाकं हळू फिरवून बघा. वाकलेले, वाळलेले काटे लालसर खडीत दिसत नाहीत, म्हणून अगदी कडेची पट्टी टाळा. दोन-तीन फूट आत चालवलं की गाड्यांच्या चाकांनी झाडलेला भाग मिळतो.

सड्यावर चिरेखाणी आहेत. त्यांच्या फाट्यांवर ट्रकमधून जांभ्याच्या चिपा पडलेल्या असतात, आणि भरल्या ट्रकनी डांबर उखडून काढलेले खड्डे असतात. खाणीकडे जाणारी लाल वाट दिसली की शंभर पावलं आधीच वेग कमी करा. खाडीत उतरणाऱ्या वळणांवर सगळ्यात जास्त चेंगरलेल्या ट्यूब होतात, कारण वेग असतो आणि सावलीत खड्डा दिसत नाही. खड्डा चुकवता आला नाही तर सीटवरून उठा, गुडघे सैल सोडा. पुढच्याने मागच्याला ओरडून सांगायचं, ही सवय गटाने पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा वाटेत आला तर कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांच्या सालपटांपासून लांब राहा. त्यांतल्या पोलादी तारा सुट्या होऊन पसरतात आणि बरणीतल्या केसाएवढ्या तारा त्याच. ही तार टायरमध्ये डोळ्यांना दिसत नाही, फडक्यालाच लागते. एप्रिल-मेमध्ये येत असाल तर आंब्याच्या पेट्या ठोकतात त्या शेडसमोरून जपून जा, चुका रस्त्यावर सांडलेल्या असतात. हर्णै, मिरकरवाडा अशा बंदरांजवळ जाळ्यांच्या तारा, गळ, शिंपा. जेटीच्या उतारावर सायकल हाताने न्या: फेरीबोटीच्या फळीची लोखंडी कड धारदार असते आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. ओल्या रबरात धार सहज शिरते, म्हणून पावसात आणि ओल्या जेटीवर दुप्पट काळजी. पुळणीवर सायकल चालवायचा मोह गुहागरला सगळ्यांना होतो, मलाही होतो. जरूर चालवा, ओहोटीच्या घट्ट वाळूवर. पण भरतीच्या रेषेवर, जिथे समुद्र काचा आणि शिंपले आणून टाकतो, तिथून चाक हाताने पार करा, आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुवा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण गणपतीपुळ्याला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी वेळणेश्वरला मागचं चाक थोडं मऊ लागलं. मी हवा भरली आणि झोपलो. सकाळी पुन्हा भरली. तवसाळच्या जेटीच्या दोन किलोमीटर अलीकडे चाक रिमवर आलं. करवंदीचा काटा होता, बाहेरचं टोक पूर्ण घासलेलं. फेरीबोट समोरून सुटताना दिसली. आम्हाला पुढची बोट मिळाली म्हणून बरं. दिवसातली शेवटची असती तर आबलोलीकडे मागे फिरून भातगावच्या पुलावरून वळसा घालावा लागला असता, तोही अंधारात. फेरीबोटीच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या आणि दर खाडीआधी एका पंक्चरएवढा, म्हणजे अर्ध्या तासाचा वेळ हाताशी ठेवा.

तेव्हापासून मुक्कामाला पोचलो की चहाच्या आधी आम्ही सायकली उलट्या करतो. प्रत्येकाने दोन्ही चाकं फडक्यातून एकेक पूर्ण फेरा फिरवायची, काही लागलं तर सुईने काढायचं, गेज लावून आकडा वहीत लिहायचा. सकाळी पुन्हा गेज. रात्रीत दहा पीएसआय उतरले असतील तर वरून हवा भरून निघू नका. ते पंक्चर झालेलंच आहे. तिथेच अंगणात, सावलीत, पाण्याची बादली जवळ असताना ट्यूब बाहेर काढा.