समुद्रतळाचा बेसाल्ट, टॅस डायग्राम आणि माझी वाया गेलेली चाळीस पानं

सोलापूरच्या पोराला बेसाल्ट काय शिकवायचा, विहीर खणली की वर मुरूम, खाली काळा पाषाण, लहानपणापासून बघतोय की. या आत्मविश्वासानेच माझा घात केला.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला समुद्रतळाच्या ड्रिल कोरचे चार तुकडे मिळाले. करडा दगड, पोकळ्यांत हिरवट काहीतरी भरलेलं, भेगेला लागून बोटभर तपकिरी पट्टा. एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी केलेल्या रासायनिक तपासणीचा) डेटा आला आणि मी थेट टॅसवर टाकला, म्हणजे सोडा-पोटॅशची बेरीज आणि सिलिका यांच्यावरून ज्वालामुखी दगडाला नाव देणाऱ्या आलेखावर. पोटॅश 1.6 टक्के, सोडा 3.4 टक्के, पॉइंट जाऊन बसले ट्रॅकीबेसाल्टमध्ये, म्हणजे सोडा-पोटॅश जास्त असलेल्या बेसाल्टच्या घरात! लय खूश झालो, अल्कलाइन मॅग्मा, मँटल वगैरे चाळीस पानं लिहून काढली. व्हायवात बाहेरून आलेल्या सरांनी एवढंच विचारलं, "एलओआय किती?" म्हणजे दगड तापवल्यावर किती वजन घटतं; जास्त घटलं तर दगडात पाणी शिरून तो बदललेला. माझा 5 टक्के. मी गप्प.

आता हे नीट वाचा. जमिनीवर दगडाचा मुरूम होताना सोडा-पोटॅश पावसाच्या पाण्याबरोबर निघून जातं, त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं होतं की दगड कुजला म्हणजे पोटॅश कमी होणार, आणि इथं तर भरपूर आहे म्हणजे ते मॅग्माचंच. समुद्राखाली उलटं होतं. गार खारं पाणी लाखो वर्षं भेगांतून फिरतं आणि दगड त्या पाण्यातलं पोटॅशियम, रुबिडियम ओढून घेतो. पोकळीतलं हिरवं म्हणजे सेलाडोनाइट, पोटॅशवालं. ताज्या मॉर्बमध्ये (समुद्राच्या मधल्या डोंगररांगेवर तयार होणाऱ्या बेसाल्टमध्ये) पोटॅश जेमतेम 0.1-0.2 टक्के असतं. म्हणजे मी मोजलं ते बहुतेक समुद्राचं होतं, आणि नाव दिलं मॅग्माला.

अशा दगडाला नाव द्यायचं तर टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, यिट्रियम बघा, हे सहसा जागचे हलत नाहीत. आणि त्याच्या आधी थिन सेक्शन, मायक्रोस्कोपखाली बघायचा दगडाचा पातळ काप! पोकळी भिंतीकडून आत वाचायची. माझ्या स्लाइडमध्ये भिंतीला सेलाडोनाइट, मग सॅपोनाइट नावाची क्ले, मधोमध कॅल्साइट, म्हणजे आधी काय आलं नि नंतर काय ते समोर मांडून ठेवलेलं, मी मात्र एक्सेल उघडून बसलो होतो. क्लोराइट, एपिडोट ही खनिजं दिसली तर ती गरम पाण्याची करामत, पूर्व पॅसिफिकमध्ये कोस्टा रिका रिफ्टच्या दक्षिणेला समुद्रतळात खणलेल्या 504बी होलमध्ये वर क्ले आणि खाली हीच मंडळी सापडली.

मित्राकडून आयती एक्सेल शीट घेऊ नका, पॉइंट पडतात पण का पडले ते कळत नाही. गाईड नुसती सही करणारा असला तर लॅबमधल्या सीनियरला धरा, चहा पाजा, तास-दोन तास मायक्रोस्कोपपाशी बसवा, तेवढ्यात पुष्कळ कळतं. घाबरू नका, पानं परत लिहिता येतात, मी पंधरा दिवसांत लिहिली, पास पण झालो.

एलओआय 2 च्या वर गेला की मी टॅसला हात लावत नाही. आणि सॅम्पल कापताना भेगेलगतचा तो पाण्याने बदललेला तपकिरी पट्टा वेगळ्या पिशवीत टाका, मी सगळं एकत्र दळलं होतं.